इंजिनाची बाजू सोडताना

ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी असेंब्ली बिल १३४६ वर सही केली, तेव्हा मी त्या कायद्याच्या ठाम विरोधात होतो. हिरवळ कापायचा मोअर, पाचोळा उडवायचा ब्लोअर, कडेचं गवत छाटायचा ट्रिमर अशा यंत्रांवरची २५ अश्वशक्तीपर्यंतची छोटी पेट्रोल इंजिनं राज्यात नव्याने विकली जाऊ नयेत, हा त्या कायद्याचा गाभा. राज्याच्या हवा मंडळाने त्याखाली केलेला नियम २०२४ च्या मॉडेलपासून लागू झाला. घरात असलेलं जुनं यंत्र वापरायला त्यात मनाई नाही. तरीही मी आमच्या भागाच्या आमदाराला लांबलचक विरोधपत्र पाठवलं होतं, आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात असो की शेजाऱ्याच्या अंगणात, विषय निघाला की इंजिनाची बाजू घेऊन तावातावाने बोलत होतो. आज माझ्या गॅरेजमध्ये पेट्रोलचा वासही येत नाही. हे कसं झालं ते सांगायचं आहे. त्या पत्रातला एक मुद्दा मात्र मी अजून मागे घेतलेला नाही, तोही सांगायचा आहे.

इंजिनावर माझं लहानपणापासून प्रेम. वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. ऑइल इंजिनांचे सुटे भाग तिथे व्हायचे, आणि शाळा सुटली की माझा मुक्काम तिथेच असे. घरची स्कूटर टू-स्ट्रोक बजाज. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मोजून घ्यायचं, किक मारून चालू झाली नाही तर स्कूटर एका अंगावर कलती करायची, तरीही नाही झाली तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, हे मला कोणी मुद्दाम शिकवलं नाही. त्या घरात ते आपोआप यायचं. इंजिनाचा आवाज ऐकून मिश्रण रिच आहे की लीन हे वडील सांगायचे, आणि पुढे मलाही सांगता येऊ लागलं. मेकॅनिकल इंजिनिअर झालो, नोकरीसाठी सॅक्रामेंटोला आलो, घर घेतलं आणि घरामागोमाग हिरवळ, मोअर, ट्रिमर, ब्लोअर असा सगळा संसार आला. रविवारी सकाळी मोअरची दोरी ओढली आणि इंजिन पहिल्या झटक्यात धरलं की मला खरोखर बरं वाटायचं. बिघडलेलं यंत्र शेजारी माझ्याकडे घेऊन यायचे. कार्बोरेटर उघडून साफ करून देणं हा माझा आवडता उद्योग होता.

सॅक्रामेंटोची ओळख झाडांचं शहर अशी आहे. इथल्या खोऱ्यातले मूळचे ओक, जुन्या वस्त्यांतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी कमान धरणारे लंडन प्लेन, एल्म. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा या झाडांची किंमत कळते. पानगळ मात्र उशिरा येते आणि आली की थांबत नाही. नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत लोक पाचोळ्याचे ढीग रस्त्याच्या कडेला रचून ठेवतात आणि महापालिकेचं एक मोठा पंजा लावलेलं यंत्र येऊन ते ढीग उचलून नेतं. सगळं गाव त्याला ‘द क्लॉ’ म्हणतं. ते तीन महिने सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत कुठल्या ना कुठल्या घरासमोर ब्लोअर चालू असतो.

हे यंत्र इथे आलं कसं, ते मला नंतर कळलं. आपल्याकडे द्राक्षबागेत पाठीवर बांधून औषध मारायचा पेट्रोलचा पंप असतो ना, त्याच जातीच्या फवारणी यंत्रातून हा ब्लोअर निघाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. तोवर लोक नळीने पाणी मारून फरशी आणि पायवाट धूत असत. पाण्यावर निर्बंध आल्यावर ब्लोअरचा खप वाढला. ज्या यंत्राने पाणी वाचवलं तेच यंत्र कार्मेल आणि बेव्हर्ली हिल्ससारख्या श्रीमंत गावांना नकोसं झालं. कार्मेलने १९७५ मध्येच त्यावर बंदी घातली आणि काही वर्षांत बेव्हर्ली हिल्सनेही. म्हणजे पन्नास वर्षांचं हे भांडण आहे. सुरुवातीपासून त्यात दोन बाजू दिसतात: आवाज सहन न होणारे घरमालक आणि त्यांच्या अंगणात राबणारे माळी. माझ्या विरोधाचं एक मूळ तिथे होतं. सुखवस्तू लोकांना सकाळची झोप हवी म्हणून कष्टकऱ्याच्या हातातलं अवजार काढून घ्यायचं, असा मी या सगळ्याचा अर्थ लावत होतो.

दुसरं मूळ माझ्या शिक्षणात होतं. इंजिन सुधारता येतं यावर माझा विश्वास होता. मोटारी सुधारल्याच की. मग छोटी इंजिनं बंद का करायची, नियम कडक करा, कंपन्या करतील काहीतरी, असं मी म्हणायचो. आणि हवा मंडळाचा एक आकडा माझ्या डोळ्यांत विशेष खुपायचा. धंद्यासाठी वापरला जाणारा पेट्रोल ब्लोअर एक तास चालला तर धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं २०१७ ची टोयोटा कॅमरी सुमारे ११०० मैल चालवल्यावर होतं, असं मंडळ सांगत होतं. ११०० मैल म्हणजे जवळपास १७७० किलोमीटर, मुंबई ते दिल्ली अंतराहूनही जास्त. मला हे प्रचारकी वाटलं. एवढंसं इंजिन, आत मावेल ते पेट्रोल जेमतेम दोन लिटर, आणि तुलना कोणाशी? हा आकडा चुकीचा ठरवायचा असं मनात धरून मी एका सुट्टीत कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मत बदलायला सुरुवात झाली ती तिथे, आणि ती कोणाच्या भाषणाने झाली नाही. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारख्या झडपा नसतात. पिस्टन खाली आला की सिलिंडरच्या भिंतीतली दोन्ही दारं काही क्षण एकाच वेळी उघडी असतात. एकातून पेट्रोल आणि हवेचं ताजं मिश्रण आत येतं, दुसऱ्यातून जळका वायू बाहेर जातो. ताज्या मिश्रणाने जळक्या वायूला ढकलून बाहेर काढायचं, ही त्या इंजिनाची सगळी खुबी. त्यामुळेच ते हलकं, स्वस्त आणि आकाराच्या मानाने ताकदवान. पण ढकलता ढकलता ताज्या मिश्रणाचाही एक हिस्सा न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. साध्या रचनेच्या इंजिनात हा हिस्सा इंधनाच्या पाव ते एक तृतीयांशापर्यंत असतो. वर पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल अर्धवट जळून निळा धूर होतो, तो वेगळाच. हे मला कॉलेजातही शिकवलं होतं, परीक्षेत मी त्याची आकृतीही काढली होती. आता ती आकृती हातातल्या यंत्राला लावून पाहिली.

दुसऱ्या बाजूला आजची मोटार. तिच्या धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, तो क्षणाक्षणाला मिश्रण बरोबर करत राहतो. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उरलेलं जाळून टाकतो. टाकीतून उडणारी वाफसुद्धा कोळशाच्या डब्यात अडवून परत इंजिनात जाळली जाते. एका मोटारीचं न जळलेलं इंधन आज इतकं कमी झालंय की तिच्याशी तुलना केली तर कुठलंही साधं टू-स्ट्रोक भयंकरच दिसणार. माझा हिशेब ढोबळ होता आणि हवा मंडळाच्या आकड्याशी तंतोतंत जुळला नाही. पण आकडा त्याच घरातला होता. आकडा चुकीचा ठरवायला बसलेल्या माणसाला हे मान्य करणं भाग होतं.

इथे एक खुलासा केला पाहिजे, कारण बॅटरीचे कैवारीही या आकड्याचा चुकीचा वापर करतात. ही तुलना धुरक्याची आहे, कार्बन डायऑक्साइडची नाही. एक लिटर पेट्रोल मोटारीत जाळा की ब्लोअरमध्ये, कार्बन डायऑक्साइड साधारण तेवढाच, लिटरमागे सव्वादोन किलोच्या वर. पृथ्वी तापण्याच्या प्रश्नात अंगणातल्या यंत्रांचा वाटा लहान आहे. त्यांचा गुन्हा वेगळा आणि जवळचा आहे. न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की जमिनीलगत ओझोन तयार होतो. सॅक्रामेंटो दोन डोंगररांगांमधल्या खोऱ्यात बसलेलं आहे. ऊन भरपूर आहे आणि हवा कोंडून राहते. ओझोनच्या बाबतीत अमेरिकेतल्या वाईट शहरांच्या यादीत हे शहर वर्षानुवर्षं आहे. उन्हाळ्यात ‘स्पेअर द एअर’ची सूचना येते, त्या दिवशी मोटार कमी चालवा आणि पेट्रोलची बागकामाची यंत्रं लावू नका असं सांगतात. कायद्याच्या मजकुरातच नोंद आहे की २०२० मध्ये राज्यातल्या छोट्या इंजिनांचं धुरकं तयार करणारं रोजचं प्रदूषण प्रवासी मोटारींपेक्षा जास्त होतं.

मग नियम कडक करून इंजिन सुधारा, हा माझा हुकमी मुद्दा. तोही तपासला. कॅलिफोर्नियाने छोट्या इंजिनांसाठी पहिले निकष १९९० मध्येच ठरवले होते. त्यानंतर कंपन्यांनी बरंच केलंय. ताज्या मिश्रणाआधी नुसत्या हवेचा एक थर आत सोडून गळती कमी करायची, काही यंत्रांच्या सायलेन्सरमध्ये छोटा कॅटॅलिस्ट बसवायचा. पण न जळलेलं एवढं इंधन कॅटॅलिस्टवर आलं की तो लालबुंद तापतो, आणि हे यंत्र माणसाच्या पाठीवर बांधलेलं असतं. मोटारीतली सगळी व्यवस्था पाठीवर मावेल अशी केली तर वजन आणि किंमत इतकी चढते की टू-स्ट्रोक घेण्याचं कारणच उरत नाही. इंजिनिअर म्हणून मला हे पटलं, आणि पटलं तेव्हा वाईट वाटलं. भारतात २००० सालच्या प्रदूषण-निकषांनंतर टू-स्ट्रोक दुचाक्या बाजारातून मागे हटल्या त्या याच कारणाने. चेतक २०२० मध्ये परत आली ती बॅटरी घेऊन. ज्या इंजिनाला पुण्या-कोल्हापूरच्या रस्त्यांनी निरोप दिला होता, त्याची मी सॅक्रामेंटोत वकिली करत होतो.

आवाजाचा विषय मी इतके दिवस घरमालकांच्या तक्रारींच्या खात्यात टाकला होता. तो तिथून काढला आमच्या गल्लीत येणाऱ्या माळ्यांनी. मूळचे मेक्सिकोतल्या मिचोआकानचे, पन्नाशी उलटलेले, पिकअप ट्रकला ट्रेलर जोडून येतात आणि आमच्या रस्त्यावरची बरीच अंगणं सांभाळतात. माझी हिरवळ मीच कापतो, पण पानगळीत मलाही त्यांची मदत लागते. त्यांचा बिघडलेला ब्लोअर मी एकदा दुरुस्त करून दिला तेव्हापासून आमची चांगली ओळख. मी त्यांना मोठ्या आपुलकीने सांगत होतो की या कायद्याला मी तुमच्यासाठी विरोध करतोय. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, पैशाचं तुम्ही बरोबर बोलता, पण रात्री घरी गेल्यावरही माझ्या कानात हे यंत्र चालूच असतं. बायको जेवायला हाक मारते ती ऐकू येत नाही, आणि कपड्यांना पेट्रोलचा वास असतो म्हणून नातवंडाला आंघोळ केल्याशिवाय घेत नाही. कानांवर लावायचे मफ त्यांच्याकडे आहेत. पण रस्त्याच्या कडेला काम करताना मागून येणारी गाडी ऐकू आली पाहिजे, म्हणून ते बऱ्याचदा गळ्यातच राहतात.

मी त्यांचा वकील म्हणून उभा होतो आणि त्यांना काय होतं ते विचारलं नव्हतं. नंतर कामगारांच्या आरोग्यासाठीचे निकष वाचले. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम ही मर्यादा, आणि त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर पूर्ण जोरात असताना चालवणाऱ्याच्या कानापाशी आवाज या शेवटच्या दोन पायऱ्यांच्या आसपास असतो. आणि तो माणूस दिवसभर एका घरून दुसऱ्या घरी जात असतो. शेजारच्या घरात बसून चिडणाऱ्याला तो खर्जातला आवाज भिंतीतून ऐकू येतो, कारण खालच्या पट्टीचा आवाज भिंती सहज ओलांडतो. पण त्याचा त्रास अर्ध्या तासाचा आहे. ज्याच्या पाठीवर इंजिन आहे त्याच्यासाठी ते आयुष्य आहे. कंपनं मनगटात जातात, धूर थेट नाकाशी, आणि पेट्रोलच्या वाफेत बेन्झीन असतं, जे कर्करोगाला कारण ठरतं हे आता निर्विवाद आहे. कायद्याचा खरा लाभार्थी झोपलेला घरमालक आहे असं मी धरून चाललो होतो. तो लाभार्थी यंत्र धरणारा आहे, हे मला आज कायद्याच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण वाटतं.

मग मी माझी यंत्रं बदलली. आधी ट्रिमर, मग मोअर, शेवटी ब्लोअर. बॅटरीबद्दल माझ्या मनात शंका होती ती भावनेची नव्हती, आकड्यांची होती. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि एक किलो लिथियम-आयन बॅटरीत पाव किलोवॅट-ताससुद्धा नाही. पन्नासपटीचा फरक. पण छोटं टू-स्ट्रोक इंजिन त्या ऊर्जेचा पाचवा हिस्साही कामाला लावत नाही, बाकीची उष्णता होऊन जाते. ब्रशलेस मोटर दहात आठ-नऊ हिस्से कामाला लावते. त्यामुळे प्रत्यक्षातली दरी दहा-बारापटीची उरते. ती उरतेच. बॅटरीवर ‘४० व्होल्ट’ असं ठळक छापलेलं असतं तेव्हा आत दहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि काम करतानाचा खरा दाब ३६ व्होल्टच्या आसपास असतो. पाच अँपिअर-तासांची असली तर १८० वॅट-तास. ब्लोअर पूर्ण जोरावर धरला तर पंधरा मिनिटांत संपते. दुकानात कोणी हे सांगत नाही, म्हणून विकत घेण्याआधी प्रत्येकाने व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार स्वतः करावा असं मी आग्रहाने सांगतो.

माझ्या अंगणापुरतं मात्र ते पुरतं. मोअरने तर मला जिंकलंच. ओल्या, दाट गवतात शिरला की मोटर जास्त प्रवाह ओढते आणि पातं मंदावत नाही. इंजिन अशा वेळी घुसमटायचं. कडेला पोचून बटण सोडलं की सगळं शांत, पुन्हा दाबलं की लगेच चालू. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरतं, आणि हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरच्या बारीक भोकांत डिंकासारखं बसतं. वसंतात शेजारी माझ्याकडे यायचे ते मुख्यतः यासाठी. आता येत नाहीत. मला त्या गाठीभेटी आठवतात, पण कार्बोरेटर साफ करायला मिळावा म्हणून यंत्र खराब व्हावं असं म्हणता येणार नाही.

उणिवाही आहेत, त्या झाकून ठेवणं बरं नाही. डिसेंबरच्या पावसात ओकची पानं फरशीला चिकटून बसतात, तिथे माझा ब्लोअर कमी पडतो. इथे महाराष्ट्रातला वाचक विचारेल की मग खराटा का घेत नाही. घेतला. ओला पाचोळा खराट्याने आणि दाताळ्याने जितका चांगला निघतो तितका कशानेच निघत नाही, आणि झाडाखालची पानं तर आता मी काढतच नाही. ती कुजून जमिनीला मिळतात. उन्हाळ्यात बॅटऱ्या गॅरेजमधून घरात आणाव्या लागतात, उष्णतेने त्यांचं आयुष्य घटतं. वापरून तापलेली बॅटरी निवाल्याशिवाय चार्जर तिला हात लावत नाही. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसत नाही, हे मला ग्राहकावर केलेलं सरळ सरळ अन्यायाचं काम वाटतं आणि त्यावर कायदा व्हायला हवा. बॅटरी मेली तर ती कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, कचरागाडीत दबली की पेट घेते. लिथियम आणि कोबाल्ट कुठल्या खाणीतून, कोणाच्या श्रमातून येतं, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. मी बाजू बदलली म्हणून नव्या बाजूचे दोष दिसेनासे झाले असं नाही.

माझा आत्येभाऊ रत्नागिरीजवळ कलमांची बाग करतो. पावसाळा संपता संपता बागेची बेणणी असते. पूर्वी कोयता घेऊन गडी लागायचे, आता पेट्रोलचा ग्रास कटर. माझं हे सगळं ऐकून त्याने विचारलं, घेऊ का बॅटरीचा? मी म्हटलं, अजून नको. त्याची बाग उतारावर, कातळातून वर पसरलेली, तिथे विजेचं बटण नाही, आणि कंबरेपर्यंत वाढलेलं गवत दिवसभर कापायचं तर बॅटऱ्यांची पाटीच डोक्यावर न्यावी लागेल. माझ्या हिरवळीचं शहाणपण त्याच्या बागेला लागू होत नाही. कानांना मफ आणि डोळ्यांना चष्मा मात्र कटर चालवणाऱ्या प्रत्येकाला द्यायचा, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

आणि आता पत्रातला तो मुद्दा, जो मी आजही मागे घेत नाही. हा बदल कोणाच्या खिशातून होतो? माझं अंगण पंधरा मिनिटांच्या बॅटरीत उरकतं. आमच्या माळ्यांचा दिवस उरकायला तशा बॅटऱ्यांची रांग लागते. धंद्यासाठीच्या पाठीवरच्या मोठ्या बॅटऱ्या काही शे डॉलरपासून पुढे आहेत, आणि त्या चार्ज कुठे करायच्या? त्यांचं वर्कशॉप म्हणजे तो ट्रेलर. १९९८ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये घरांपासून ५०० फुटांच्या आत पेट्रोल ब्लोअरवर बंदी आली, तेव्हा लॅटिन अमेरिकी माळ्यांच्या संघटनेचे लोक सिटी हॉलसमोर उपोषणाला बसले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. घरामागे मिळणारे पैसे ठरलेले, खराट्याने वेळ जास्त लागणार, म्हणजे दिवसात घरं कमी आणि पोटाला कमी. त्यांची मागणी बाजूला सारली की कायदा कागदावर राहतो आणि माणसं चोरून जुनं यंत्र चालवतात. लॉस एंजेलिसमध्ये नेमकं तेच झालं.

या वेळी राज्याने धंदेवाईक माळ्यांच्या मदतीसाठी तीन कोटी डॉलर बाजूला काढले. ऐकायला मोठी रक्कम. पण या क्षेत्राच्या राष्ट्रीय संघटनेने कायद्याची झळ बसणारे छोटे व्यवसाय राज्यात ५० हजारांच्या आसपास असल्याचं सांगितलं होतं. भागाकार केला तर वाट्याला येतात सहाशे डॉलर. त्यात एक चांगला ब्लोअर आणि कदाचित एक बॅटरी बसेल. शिवाय ही मदत घ्यायला अर्ज, व्यवसायाची कागदपत्रं, इंग्रजीतली देवाणघेवाण. ट्रेलर घेऊन एकट्याने फिरणाऱ्या माणसापर्यंत ती पोचणं सोपं नाही. २०२१ मध्ये या कारणाने मी कायदाच नको म्हणत होतो. आता कायदा हवा म्हणतो, आणि त्याचं बिल हिरवळीच्या मालकांनी भरावं असं म्हणतो. हिरवळ आमची, झाडं आमची, सावली आमची, स्वच्छ हवाही आमच्या वाट्याला येणार. घरामागे महिन्याचे चार पैसे जास्त द्यायची ऐपत या रस्त्यावरच्या प्रत्येकाची आहे.

मी माझ्यापुरतं सुरू केलं. आमच्या माळ्यांचा मोबदला वाढवला, घराच्या बाहेरच्या भिंतीवर एक जोडणी काढून दिली आणि माझ्याकडचं काम चालू असताना त्यांनी बॅटऱ्या तिथे लावाव्यात असं ठरलं. दुपारी लावल्या तर छपरावरच्या सौर पॅनेलची वीज त्यांनाच मिळते. मग शेजाऱ्यांपुढे प्रस्ताव मांडला: ते ज्या घरांचं काम करतात त्या सगळ्यांनी मिळून त्यांना पाठीवरच्या दोन मोठ्या बॅटऱ्या घेऊन द्याव्यात, मालकी पूर्ण त्यांची, आणि प्रत्येकाने बाहेरची एक जोडणी मोकळी ठेवावी. निम्म्याहून जास्त घरं तयार झाली आहेत. एका गृहस्थांचं म्हणणं असं की कायदा सरकारने केला, तर पैसेही सरकारनेच द्यावेत. दुसऱ्या एका बाईंना भीती वाटते की त्यांच्या जोडणीवर बॅटरी पेटली तर विमा कोण देणार. त्यांची शंका रास्त आहे, म्हणून मी विमा कंपनीला लेखी विचारलंय. पहिल्या गृहस्थांना मात्र मी पुढच्या शनिवारी, माळी काम करत असतील तेव्हा, अंगणात बोलावलंय. त्यांनी तो जुना ब्लोअर दहा मिनिटं स्वतःच्या पाठीवर बांधून पाहावा आणि मग पैशाचं बोलावं, एवढीच माझी विनंती आहे. ते यायला तयार आहेत.